हिरवे हात

फळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो आणि मध्ये पुरुषभर खोल खड्डा.

गल्लीची जुनी ड्रेनेजलाइन बदलायचं काम नेमकं तिच्या दारापासून सुरू झालं होतं. तिच्या एका हातात शिवून झालेल्या पडद्यांचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात नाकाला लावलेला रुमाल. तोल सांभाळायला तिसरा हात आणायचा कुठून? फळी डगमगली, तसा पलीकडे उभ्या असलेल्या सुपरवायझरने पटकन हात पुढे केला.

तिने त्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत चिखल.

"हात धुतलेत का?" तिने विचारलं आणि एकटीच फळी ओलांडून तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो फळीपाशी हजर. शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे उलटसुलट करून दाखवत.

"धुतलेत. साबणाने. दोनदा."

"आणि नखं?"

त्याने नखंही दाखवली. तिला हसू आवरेना... मग हात द्यावाच लागला.

तेव्हापासून रोज दहा वाजता हा सोहळा. पहिल्या रविवारी काम बंद होतं, तर ही बया काही कारण नसताना चारदा फळी ओलांडून आली. पलीकडे कुणी नव्हतं, म्हणून स्वतःवरच चिडली.

चिडणं तिच्या स्वभावातच होतं. शिवणकाम करणारी मुलगी, पण गल्लीत तिचं नाव पडलं होतं वकीलबाई. कुणाशीही, कशावरूनही वाद घालायची आणि जिंकायची.

दोन आठवड्यांत गल्लीतला वास असह्य झाला. एक दिवस तिने हात त्याच्या हातात असतानाच सुनावलं, "तुमच्या खड्ड्याने नाकं सडली आमची."

"वास खड्ड्याचा नाही हो," तो म्हणाला. "पावसाच्या गटारातून येतोय. कुणीतरी घरातलं सांडपाणी त्यात सोडलंय."

"म्हणजे आमच्या गल्लीतले लोक असले धंदे करतात?"

तिने हात सोडवून घेतला. त्याच संध्याकाळी झकास अक्षरात तक्रार लिहिली, की सुपरवायझरच्या हलगर्जीपणामुळे दुर्गंधी पसरली आहे. एकोणीस घरं फिरून सह्या गोळा केल्या आणि अर्ज ऑफिसात दिला.

शनिवारी तो दारात आला. हातात एक पुडी होती.

"अक्षर छान आहे तुमचं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलंय. बहुतेक दुसरीकडे पाठवतील. तोवर तपासणी उरकून घेतो. ही हिरवी पूड घरातल्या प्रत्येक मोरीत टाका आणि पाणी सोडा. कुठलं पाणी कुठे निघतं ते आम्ही बाहेर बघतो."

ती काहीतरी बोलणार होती... पण तो निघून गेला होता.

"खालच्या न्हाणीघरात नको टाकू गं," बाबा आतून म्हणाले.

"का?"

"उगाच कशाला..."

टाकू नको म्हटल्यावर वकीलबाई टाकल्याशिवाय राहते होय? तिने तिथेच सगळ्यात जास्त ओतली. ओल्या हातांना पूड चिकटली, मनगटापर्यंत हिरवीगार.

पाचच मिनिटांत बाहेर गलका झाला. पावसाच्या उघड्या गटारातून पोपटी पाणी वाहत होतं, थेट तिच्या भिंतीपासून पुढे. आणि सह्या करणारी सगळी गल्ली ते बघायला जमली होती.

ती बाबांकडे वळली. त्यांनी मान खाली घातली.

"तुझ्या आईला जिना चढवेना गं. घाईघाईने खाली न्हाणीघर बांधलं. प्लंबर म्हणाला, तात्पुरतं पावसाच्या गटारात सोडू. मग ती गेली... आणि तात्पुरतं तसंच राहिलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तेवढ्यात बाहेरून त्याचा आवाज आला.

"घाबरू नका. पूड आमच्याच माणसाच्या हातून सांडली गटारात."

"बघा!" समोरच्या काकू कडाडल्या. "उगाच नाही सह्या केल्या आम्ही!"

त्याने एकदाच दाराच्या फटीकडे पाहिलं. तिच्या हिरव्या हातांकडे. मग नजर वळवली. त्याला सगळं कळलं होतं. आणि जिची जीभ कधी थांबली नव्हती, ती दारामागे गप्प उभी राहिली.

रात्रभर त्या गप्प राहण्याचीच तिला लाज वाटत राहिली. वासाचीही वाटली नव्हती इतकी.

रविवारी ती पुन्हा त्याच एकोणीस घरांच्या पायऱ्या चढली. हातात नवा कागद. "वास आमच्या घरचा होता. सुपरवायझरची चूक नाही. इथे सही करा." पहिल्या तीन दारांत हेच वाक्य, आणि प्रत्येक दारात कान नव्याने लाल. कोपऱ्यावरचे घड्याळवाले काका पोट धरून हसले. "काखेत कळसा नि गावाला वळसा!" काकूंनी तिला पायरीवर ताटकळत ठेवलं, मनसोक्त बोलून घेतलं, मग सही केली. चौथ्या दारात मागे चपला वाजल्या. बाबा होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पुढच्या घरांत मी बोलतो."

सोमवारी दहा वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून फळीपलीकडून निघालेला दिसला. तिने हाक मारली, अर्ध्या फळीपर्यंत जाऊन कागद पुढे केला. त्याने तो वाचला.

"कशाला केलंत हे? मी निभावून नेलं असतं."

"तेच तर! तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी ऐकत उभी राहिले."

"नव्या लाइनला तुमच्या न्हाणीघराचा जोड शनिवारीच नकाशावर काढलाय," तो हळूच म्हणाला. "साहेबांना हा कागद पटला, तर मीच करीन ते काम."

"पटायलाच हवा. कारण मला..." वकीलबाई अडखळली, पहिल्यांदाच. "मला फळी एकटीला ओलांडता येते. तुम्ही पाहिलंत ना पहिल्या दिवशी? तरी रोज हात देत होते. कळलं का?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग चेहरा उजळला. त्याने हात पुढे केला, तशी तिने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"हात धुतलेत का?" त्याने विचारलं.

"दोन दिवस धुतेय," ती रडवेली होत म्हणाली. "जातच नाहीये..."

आणि तिने तो हिरवा हात पुढे केला. काकू खिडकीतून बघत होत्या. त्याने तो घट्ट धरला, फळी संपली तरी सोडला नाही.