अकरा खोट्या चिठ्ठ्या

त्या मंगळवारी होबार्टला सकाळपासून पाऊस होता, आणि आमच्या कचेरीच्या दारात एक उंच माणूस बुटांचा खोका कोटाच्या आत धरून उभा होता. दार त्यानं पुरतं अडवलं होतं. आत तरी जा नाहीतर बाजूला तरी व्हा, मी भिजतेय, असं मी त्याला सांगितलं. तो बाजूला झाला. मी जिना चढू लागले तर मागून आवाज आला, "शब्दांचं ऑफिस इथंच का?"

"तिसरा मजला. पण आम्ही शब्द विकत नाही."

"विकत नकोत," तो म्हणाला. "आणलेत."

मी रोवेना डॉब्सन. तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि इंग्रजीचा एक मोठा कोश करणाऱ्या छोट्या कचेरीत साहाय्यक संपादक होते. त्या वर्षी माझ्या वाट्याला 'रन' आला होता. आमच्या धंद्यातली माणसं लांबलचक शब्दांना भीत नाहीत, असल्या साध्या शब्दांना भितात. माझ्या टेबलावर चिठ्ठ्यांचे ढीग होते... वाहत्या नदीचा एक, वाहत्या नाकाचा दुसरा, दुकान चालवण्याचा, निवडणुकीला उभं राहण्याचा, धुताना उतरणाऱ्या रंगाचा, क्रिकेटच्या धावांचा, कोंबड्यांच्या जाळीदार अंगणाचा, मेंढ्या चरायच्या माळाचा, अठरा आठवडे चाललेल्या नाटकाचा. एकशे सत्तर ढीग झाले होते. कुणी खिडकी उघडली असती तर तीन महिन्यांचं काम उडून गेलं असतं.

या चिठ्ठ्या गावोगावचे वाचक पाठवायचे. वर्तमानपत्रात एखादं वाक्य दिसलं की ते उतरवायचं, खाली पत्राचं नाव, तारीख, पान. नियम एकच होता – वाक्य छापलेलंच हवं, मनानं रचलेलं चालायचं नाही. एखाद्याची एक जरी चिठ्ठी खोटी निघाली, तर त्या घरून आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. आमच्या मुख्य संपादक ऑड्रीबाईंनी तीस वर्षांत हा नियम कुणासाठी वाकवला नव्हता.

खोकेवाल्याचं नाव लॉकी मॅकराय. तो दूरच्या बॉथवेल गावी मेंढ्या पाळायचा. त्याची आई एल्स्पेथ हिनं दोन वर्षं फक्त 'रन'च्या चिठ्ठ्या जमवल्या होत्या आणि त्या पाठवायच्या आधीच, त्या हिवाळ्यात ती गेली. कोशाच्या पहिल्या पानांवर वाचकांची नावं छापतात, तिथं आईचं नाव यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. चिठ्ठ्या आणून देणारा म्हणून मी त्याचंही नाव वाचकांच्या यादीत टिपून घेतलं. बोलताना तो सारखा माझ्या मानेकडे बघत होता. मला राग आला. तो गेल्यावर आरशात पाहिलं तर माझ्या लाल रुमालाचा रंग उतरून मानेवर हा एवढा पट्टा ओढला गेला होता.

सगळ्या चिठ्ठ्या त्यानं एकदम दिल्या नाहीत. तारखांप्रमाणे लावून आणतो म्हणाला आणि दर मंगळवारी चाळीस-पन्नास आणू लागला. त्या मी दहा मिनिटांत ठेवून घेऊ शकले असते. पण तो तासभर बसायचा.

"मेंढ्या कशा आहेत?" मी विचारायची.

"बऱ्या आहेत. तुमच्यापेक्षा कमी प्रश्न विचारतात."

"मग एवढ्या लांब कशाला येता?"

"त्यांना कोश वाचता येत नाही ना..."

मला तो आवडायला लागला होता. हे मला ताबडतोब कळलं, कारण एका अर्थापासून दुसरा वेगळा काढणं हेच माझं काम. कळल्यावर मी ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा मेंढ्यांच्या माळाकडे वळले.

नवव्या मंगळवारी एक चिठ्ठी हाती आली. तिच्यावर टाइप केलं होतं – 'तिच्या लाल रुमालाचा रंग पावसात उतरला, आणि मानेवरची ती रेघ तिच्याखेरीज सगळ्यांनी पाहिली.' खाली एका साप्ताहिकाचं नाव, साल एकोणीसशे एकसष्ट, पान पाच. मी ती दोनदा वाचली. माझे कान तापले. खरं सांगायचं तर आधी मला आनंदच झाला, आणि मग खालचं साल खटकलं. ग्रंथालयात जाऊन तो अंक काढला. पान पाचवर लोकरीचे भाव होते.

पुढच्या मंगळवारी मी त्याला जिन्यातच गाठलं आणि चिठ्ठी पुढे धरली. त्यानं ती पाहिली, टोपी काढली.

"आईच्या चिठ्ठ्या संपत आल्या होत्या," तो म्हणाला. "मंगळवार काही संपत नव्हते. मग... मधूनमधून माझ्या घातल्या. तिच्याच टाइपरायटरवर. अकरा आहेत. कुठल्या त्या काढून देतो."

"सांगू नका. तुमच्या सांगण्यावर आता काही ठरवता येत नाही."

मग मी त्याला नियम सांगितला. घरच्या सगळ्या बाद म्हणजे आईच्याही बाद, आणि तिचं नावही नाही. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला हे ठाऊकच नव्हतं. जिन्याच्या कठड्याला धरून तो पायरीवर बसला, आणि मला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. बसले नाही. वर गेले आणि ऑड्रीबाईंना सगळं सांगितलं.

नियम म्हणजे नियम, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एकूण एक चिठ्ठी मूळ अंकाशी ताडून पाहिली तर? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चारशे बारा चिठ्ठ्या होत्या आणि सहा आठवड्यांनी 'आर' अक्षराचा खंड छापखान्यात जायचा होता. बघ म्हणाल्या, पण स्वतःच्या वेळात. आणि त्या माणसानं एकाही चिठ्ठीला हात लावायचा नाही, अकराच्या वर एक जरी खोटी निघाली तर सगळ्या बाद.

मग रोजची जेवणाची सुट्टी आणि सगळे शनिवार ग्रंथालयात गेले. शनिवारी लॉकी यायचा, समोरच्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसायचा. दुपारी शिंपल्यांचं सारण भरलेले गरम पॅटिस घेऊन यायचा, ते आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसून खायचो. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, "तुम्ही पान उलटायच्या आधी ओठ मुडपता. ते बघण्यात वेळ जातो." मी पुढची पानं उलटताना ओठांकडे लक्ष ठेवलं, पण जमलं नाही.

त्याच्या खोट्या चिठ्ठ्या एकेक करून निघत होत्या. तीनशेव्या चिठ्ठीपर्यंत अकरा झाल्या. त्यानंतर मात्र माझा जीव टांगणीला लागला. तो अकरा म्हणाला होता. बारावी निघाली तर एल्स्पेथच्या चिठ्ठ्या तर गेल्याच, शिवाय हा माणूस दुसऱ्यांदा माझ्याशी खोटं बोलला असा त्याचा अर्थ. मला तो तसा नको होता. कुठल्याही शब्दाबाबत मी इतकी एकतर्फी कधी झाले नव्हते.

शेवटच्या शनिवारी, तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या चिठ्ठीला, पान चारवर ते वाक्य नव्हतं. कोंबड्यांच्या जाळीत कोल्हा शिरल्याचं वाक्य होतं ते. मी पान पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"बारावी आहे."

तो पांढराफटक पडला. "ती माझी नाही," म्हणाला. एवढंच. हातापाया पडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. त्या क्षणी त्याच्यावर विश्वास ठेवणं फार सोपं होतं, पण मी अंक पहिल्या पानापासून वाचायला घेतला – जन्म, मृत्यू, लिलाव, चर्चची जत्रा. आणि पान चौदावर तो कोल्हा सापडला. टाइपरायटरवर एल्स्पेथकडून चारच्या आधीचा एक राहून गेला होता. मी त्या पानावर डोकं टेकून रडले. मिनिटभरच. तो हात पुढे करून थांबला, आणि चिठ्ठ्या जवळ होत्या म्हणून त्यानं हात मागे घेतला.

उरलेल्या चोवीस चिठ्ठ्या खऱ्या निघाल्या.

सोमवारी ऑड्रीबाईंनी निकाल दिला. एल्स्पेथ मॅकरायच्या चारशे एक चिठ्ठ्या ग्राह्य, तिचं नाव छापायचं. मुलाचं नाव वाचकांच्या यादीतून काढायचं आणि कचेरीची पायरी त्याला बंद. हे पत्रानं कळवता आलं असतं. मी दुसऱ्या शनिवारी बॉथवेलची बस पकडली.

तो फाटकाशी होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला बघून त्यानं हात विजारीला पुसले, त्यामुळे ते आणखीच मळले. मी आईची गोष्ट आधी सांगितली. त्यानं मान फिरवून बराच वेळ मेंढ्यांकडे पाहिलं.

"आणि माझं?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुझं नाव खोडलं. मीच खोडलं, लाल पेन्सिलीनं."

'तुझं' त्याला ऐकू आलं होतं. मलाही आलं. तो जरा हसला, मग हसू ओसरलं.

"बरोबरच केलंस," तो म्हणाला. "पण मग... मंगळवारी यायला मला आता काही कारण उरलं नाही."

"कारण आणू नकोस," मी म्हटलं. "मला तू आवडतोस, लॉकी. पायरीशी उभा राहा, मी पाचला खाली येते. नुसता ये."

तो सोमवारीच आला.