एकोणिसावं पान

त्या शनिवारी मी घरातून निघाले होते शाई आणायला. फक्त शाई. एप्रिल उजाडला तरी उत्तरेकडच्या आमच्या डुलुथ शहरात पाऊस आणि बर्फ हातात हात घालून तिरपे पडत होते, म्हणून मी लायब्ररीच्या दारात जरा आडोशाला थांबले. आतून कॉफीचा वास आला... आणि शाई विसरले.

वासाच्या मागे मागे तळघरातल्या खोलीत पोचले, तर लांब टेबलाभोवती आठ-नऊ माणसं बसलेली. टोकाला पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि त्यांच्यापुढे अंडी उकडताना लावतात ते गजराचं छोटं घड्याळ.

"उशीर केलास, पोरी. बस," त्या म्हणाल्या. "आज काय करणार ते सांग. एकच गोष्ट."

त्या लाव्होन. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. दर शनिवारची ही बैठक त्यांनीच सुरू केली होती, आमच्यासारख्या लोकांसाठी. म्हणजे ज्यांच्या डोक्यात एका वेळी दहा चुली पेटलेल्या असतात आणि एकीवरही काही शिजत नाही. प्रत्येकाने मोठ्यांदा एक काम सांगायचं, पन्नास मिनिटं गप्प बसून ते करायचं आणि घड्याळ वाजलं की झालं की नाही ते कबूल करायचं.

"मी मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करतेय," मी म्हणाले. "बत्तीस पानांचं. तर आज पानांची मांडणी करायची, मुखपृष्ठाचे रंग ठरवायचे, मैत्रिणीला वाढदिवसाचं कार्ड करायचं, आणि हो, शाई—"

शेजारून हसू आलं. दाबलेलं, पण आलंच.

मी वळून पाहिलं. कोपरावर विरलेला राखाडी स्वेटर, बोटांवर निळे डाग, आणि डोळे खाली वहीत घातलेले... मुद्दाम घातलेले.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. त्या एक म्हणाल्या. मी मोजत होतो, चार झाल्या."

"आणि तू काय करणार आहेस एवढं?"

"एक बेट," तो म्हणाला.

त्याचं नाव एमेट. उत्तरेकडच्या तळ्यांत होडी वल्हवत जाणाऱ्यांसाठी तो हाताने नकाशे काढायचा. शनिवारी एक बेट, दुसरं काही नाही. त्याने आपली शाईची बाटली सरकवून दोघांच्या मधे ठेवली. "घे यातली. शाई आणायला बाहेर पडलीस तर परत येणार नाहीस."

ओळख होऊन चार मिनिटं झाली नव्हती आणि या माणसाला हे कळलं होतं! मला रागच आला. पन्नास मिनिटं मी कागदावरून पेन्सिल उचलली नाही. घड्याळ वाजलं.

"झाली मांडणी?" लाव्होननी विचारलं.

"नाही."

"एक कान झालाय," एमेट माझ्या कागदाकडे न बघता म्हणाला. "माझा आहे बहुतेक."

सगळे हसले. माझे कान त्या कागदावरच्या कानापेक्षा लाल झाले असणार.

मी दर शनिवारी जाऊ लागले. पुस्तकासाठी, असं आईला सांगत होते. लाव्होननी सुचवलं, बत्तीस चौकोनांचा तक्ता कर, भिंतीवर लाव, एक पान झालं की एका चौकोनावर काट मार. मी केला. तीन आठवडे केला. प्रत्येक चौकोनात वेगळा मासा, कडेला सोनेरी वेलबुट्टी. मोठ्या दिमाखात टेबलावर उलगडला, तेव्हा सगळे वाकून बघू लागले.

"फार सुंदर आहे," एमेट हळूच म्हणाला. "पानं किती झाली?"

"...अजून एकही नाही."

मी रुसून बाहेर पायरीवर जाऊन बसले. तो मागोमाग आला आणि लिंबाच्या वडीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवून शेजारी बसला. समोर तळ्यावर धुकं होतं. आमचे खांदे टेकले होते, आणि दोघांपैकी कुणालाच ते लक्षात आलेलं नाही, असं दोघंही दाखवत होतो.

"तुझ्याबरोबर असले की मी कुठे भरकटत नाही," मी म्हणाले.

"भरकटतेस की. माझ्याकडे भरकटतेस, एवढंच."

"मग चालेल ना?"

त्याने माझ्या ओठांना लागलेली साखर अंगठ्याने पुसली, आणि मग... अंगठ्याचं काम राहिलं नाही.

तो उन्हाळा आमचा होता. एमेट मला टू हार्बर्स गावी त्याच्या वडिलांकडे न्यायचा. ऑर्व्हिल, तीस वर्षं खनिज वाहून नेणाऱ्या बोटींवर काढलेला म्हातारा. त्यांनी मला मासा साफ करायला शिकवलं आणि माझं नाव 'चित्रवाली' ठेवलं. "ए चित्रवाली, याच्याशी लग्न करायचं असेल तर आत्ताच सांग. मला सूट शिवायला टाकावा लागेल." मी हसत सुटायचे आणि एमेट मासा घेऊन आत पळायचा.

पुस्तकाची पानं? चार. ऑक्टोबरपर्यंत चार. मिनियापोलिसच्या संपादिकेने दिलेली मुदत एकदा उन्हाळ्यात टळली, एकदा सप्टेंबरात. मग तिचं पत्र आलं. एक फेब्रुवारी ही शेवटची तारीख, नंतर तुझ्या जागी दुसऱ्याचं पुस्तक घेऊ. मी एकतीस वर्षांची होते. नर्सिंग अर्ध्यात सोडलं, व्हायोलिन अर्ध्यात, मातीची भांडी अर्ध्यात. आईच्या घरी माझ्या अर्धवट वस्तूंची एक वेगळी खोलीच आहे. हे पुस्तक त्या खोलीत गेलं असतं, तर मागोमाग मीही गेले असते.

त्या शनिवारी लाव्होन म्हणाल्या, कामाच्या शेवटी स्वतःला एक बक्षीस लावा. सगळ्यात आवडती गोष्ट. काम संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. कुणी केक म्हणालं, कुणी नवी सायकल.

"एमेट," मी म्हणाले.

टेबलाभोवती सगळ्यांनी एकच 'ओहोहो' केलं. तो मात्र हसला नाही. बाहेर ट्रकपाशी त्याने मला थांबवलं.

"म्हणजे काय, सिग्ने?"

"म्हणजे पुस्तक संपेपर्यंत भेटायचं नाही. फोन नाही, मी बैठकीलाही येणार नाही. संपलं की तू."

"मी केक आहे का?"

"केकहून गोड आहेस, म्हणून तर—"

"चेष्टा नको. मध्येच मला काही सांगावंसं वाटलं तर?"

"निरोप ठेव. फेब्रुवारीत सगळे ऐकेन, एका दमात. एमेट, मी आजवर एकही गोष्ट पुरी केलेली नाही. ही एक करू दे मला. प्लीज."

माझ्या टोपीवर पडलेला बर्फ तो बराच वेळ झटकत राहिला. झटकून संपला होता, तरी.

"बरं," तो म्हणाला. "तू मागतेस म्हणून. मला पटलेलं नाही."

फोन बंद करून मी पिठाच्या डब्यात खुपसला. आणि काय सांगू, काम होऊ लागलं! दिवसाला अर्धं पान, कधी एक. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. अडलं ते फक्त एकोणिसावं. गोष्ट होती एका मुलीची. तिचा बाप बोटीवर असतो, तळं गोठलं की घरी येतो, खिडकीखाली बर्फात उभा राहून वर बघतो. तो बाप काही केल्या जमेना. चाळीस वेळा काढला, चाळीस वेळा विजेचा खांब वाटला.

जानेवारीतला मंगळवार. भर दुपारी मी खिडकीशी बसले होते. समोर ट्रक थांबला आणि एमेट उतरला. एवढ्या थंडीत डोकं उघडं, हातात कसलीशी निळी लोकरी टोपी. त्याने वर पाहिलं. बाहेरच्या उजेडात काचेतून आतलं काही दिसत नाही, हे मला माहीत होतं.

राहवलं नाही ना शेवटी! माझं काळीज असं उडालं... हात खिडकीच्या कडीवर गेलासुद्धा.

आणि मग मला त्याचे खांदे दिसले. एक खाली उतरलेला. सगळा भार एका पायावर. मान वर, पण शरीर जमिनीकडे ओढलेलं. मी चाळीस वेळा चुकलेला बाप माझ्या दारात उभा होता.

"हलू नकोस," मी म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले. आणि पेन्सिल उचलली.

आठ मिनिटं तरी तो तिथे होता. दोनदा दारापर्यंत आला, दोनदा परत जाऊन त्याच जागी उभा राहिला. केसांवर बर्फ साठला. मी काढत होते. वास नाही, आवाज नाही, दुसरा विचार नाही. जन्मात इतकं एकाग्र मी कधी झाले नव्हते. मग त्याने टोपीने तोंड पुसलं आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला. शहाणा माझा, दिलेला शब्द पाळला, असं मला वाटलं. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले आणि रंग भरायला बसले.

एकोणतीस जानेवारीला बत्तीस पानं टपालात टाकली. घरी येऊन फोनवरचं पीठ फुंकलं, चालू केला. अकरा निरोप.

पहिला रविवारचा. "बाबा पडलेत. हॉस्पिटलात आहोत. तुझा नियम माहीत आहे मला, पण जमलं तर..." दुसऱ्यात तो नुसताच श्वास घेत होता. सहावा मंगळवारचा, सकाळचा. "सिग्ने, बाबा गेले. पहाटे गेले. मी तिकडे येतोय, मला कुणाजवळ तरी—" पुढचे निरोप मी जमिनीवर बसून ऐकले. शेवटचा शांत होता. "शनिवारी त्यांना पोचवलं. लाव्होन येणार होत्या तुला सांगायला. मीच नको म्हटलं. होऊ दे तिचं पुस्तक."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टू हार्बर्सला गेले. एमेट वडिलांच्या स्वयंपाकघरात कप वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मला बघून त्याने हातातला कप खाली ठेवला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. रडत होते एवढं आठवतं.

"राग आला होता," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. मग विचार केला, नियम तू केलास, पण हो तर मीच म्हणालो ना. फोन बंद, तुला कळणार कसं? मी आलोही होतो त्या दिवशी. तुझ्या खिडकीखाली."

मी टेबलावरचा एक कप उगाच उचलून परत ठेवला.

"दोनदा बेल दाबायला गेलो. वाटलं, नको, लागलेली तंद्री मोडेल तिची. आपणहून दिसली तर हाक मारू. नाही दिसलीस. पण तुला मी दिसलो असतो तर तू धावत आली असतीस, एवढं मला माहीत होतं. तेवढ्यावर काढले हे दिवस."

त्याने माझा हात हातात घेतला. वर्तमानपत्राच्या शाईने काळा झालेला, गार हात होता त्याचा. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि सगळं परत मिळत होतं.

"आणलंयस?" त्याने विचारलं. "पहिल्यांदा मी बघणार, असं ठरलं होतं आपलं."

पानांच्या प्रती माझ्या पिशवीत होत्या. विसरले, म्हणता आलं असतं. मी विसरले यावर कोण विश्वास ठेवणार नाही? पण पुस्तक निघाल्यावर कधीतरी त्याने ते पाहिलंच असतं. आणि खरं सांगायचं, तर मी दिलं ते त्यासाठीही नाही. ते पान मला त्याला दाखवायचं होतं. इतकं चांगलं झालं होतं ते. मला माझी तेव्हाही लाज वाटली, आणि तरी मी पिशवी उघडली.

एमेट एकेक पान उलटत गेला. सहाव्यावर हसला. बाराव्यावर म्हणाला, "अरे वा." एकोणिसाव्यावर थांबला.

बर्फ. ट्रक. उघडं डोकं. उतरलेला खांदा. हातात निळी टोपी.

त्याने त्या टोपीवर बोट ठेवलं. "ही बाबांची. हॉस्पिटलात त्यांच्या कपड्यांबरोबर दिली मला."

"एमेट..."

"तू पाहिलंस मला."

"हो."

"किती वेळ?"

"...सगळा वेळ."

"आणि खाली आली नाहीस."

"तू हलला असतास," मी म्हणाले.

दुसरं काही सुचलंच नाही. खरं तेच होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि पानं एकावर एक सारखी करून दोन्ही हातांनी मला परत दिली.

"चांगलं आहे चित्र. बाबांना आवडलं असतं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले.

"माहीत आहे, सिग्ने." त्याने पुढचा कप उचलला. "आता जा. रस्ता गोठायच्या आत पोच."

तो ओरडला असता, कप फोडला असता, तर मी तिथे थांबले असते. तो नुसता गुंडाळत राहिला. मी दार ओढून घेतलं.

पंधरा दिवसांनी संपादिकेचं पत्र आलं. तिला पुस्तक फार आवडलं होतं. एकतीस पानांवर तिने बारीकसारीक बदल सुचवले होते. एकोणिसाव्यापुढे एवढंच लिहिलं होतं, 'याला हात लावू नकोस. हा माणूस कुठे सापडला तुला?'