डाव्या नडगीची नोंद

गाडी भिंतीवर आपटायची आणि आतल्या पुतळ्याच्या पायांतले आकडे वाचायचे, हे माझं काम. पुतळ्याची नडगी पोलादी. ती मोडत नाही, किती जोर आला तेवढं सांगते. त्यावरून माणसाचं हाड कुठे मोडेल याचा अंदाज आम्ही बांधायचो आणि खऱ्या अपघातांच्या एक्स-रेशी ताडून पाहायचो. दहांतले सहा जुळले तरी आम्ही खूश.

मार्चपासून एका पुतळ्याच्या तीन चाचण्या झाल्या आणि तिन्ही अंदाज जुळले. मोडण्याची जागासुद्धा तंतोतंत. हाडांचे डॉक्टर कौतुक करत होते. मी मात्र तारखा पाहिल्या. आमची चाचणी सोमवारची, अपघात त्यानंतरच्या गुरुवारचा. तिन्ही वेळा.

"योगायोग," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "योगायोगच."

पुढच्या सोमवारी चाचणी झाल्यावर पुतळ्यांची देखभाल करणाऱ्या कारागिराने हाक मारली.

"ताई, याचा डावा पाय सेंटीमीटरभर आखूड भरतोय."

"वाकला असेल."

"कुठे वाक नाही. सकाळी मीच मापलाय, तेव्हा बरोबर होता."

मी स्वतः टेप लावली. आखूडच. माझ्या दादाचा डावा पाय नेमका तेवढाच आखूड आहे. लहानपणी पडला होता, नडगी तिरकी जुळली. आणि आकडे सांगत होते, नडगी दोन ठिकाणी मोडणार.

गुरुवारी सकाळीच मी दादाकडे गेले आणि त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली.

"एका बाहुल्यापायी मला कोंडून ठेवणार तू?"

"आजचा दिवस बस रे घरी. माझ्यासाठी."

कुरकुरत बसला. दुपारभर आम्ही पत्ते खेळलो. दोनदा लबाडी करताना मी त्याला पकडलं, हसलोही. माझा जीव जरा भांड्यात पडला.

चार वाजता त्याच्या हातातले पत्ते गळाले. बसल्या जागी त्याने दोन्ही हात समोर ताठ धरले. उजवा पाय फरशीवर करकचून दाबला.

"अगं, समोर बघ—"

समोर भिंत होती.

आवाज आला तो फक्त हाडाचा.

इस्पितळात त्याच डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"गाडीचा वेग किती होता?"

"तो घरीच होता, डॉक्टर. माझ्यासमोर, खुर्चीत."

दादाच्या गुडघ्यातून चिमट्याने काढलेलं काहीतरी डॉक्टरांनी वाटीत ठेवलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

डॅशबोर्डच्या काळ्या प्लास्टिकचा तुकडा होता.