न बोलता वाढायची ताटं

केटरिंगच्या धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर माणसाला दोन सवयी लागतात. एक ताटं मोजायची, दुसरी बोलायची.

माझी ताटं स्टीलची, प्रत्येकाच्या मागे ‘सु. मो.’ कोरलेलं. सुमन मोहिते. टेम्पोत चढवताना मोजते, उतरवताना मोजते, घासायला टाकताना पुन्हा मोजते. ताटं कमी होतात, वाढत कधीच नाहीत, हा बावीस वर्षांचा अनुभव. शिवाय उष्टं ताट बघून मी माणूस सांगते. कोण भात टाकतो, कोण श्रीखंड दोनदा घेऊन लाजतो. आमचे हे, म्हणजे भालचंद्र मोहिते, वीज मंडळातून निवृत्त, कढीतला कढीपत्ता एकेक पान वेचून ताटाच्या उजव्या काठाला ओळीने लावतात. चाळीस वर्षं मी सांगत होते, अहो, खाऊन टाका. ओळ काही चुकली नाही.

आणि बोलणं. माझ्या पंगतीत कोणी मुकाट्याने जेवून उठला असं होत नाही. सावकाश होऊ द्या, लाजू नका, अजून एक पुरी घ्या. शेवटी दारात बडीशेपेचं तबक घेऊन मी स्वतः उभी राहते आणि प्रत्येकाला म्हणते, घरी या एकदा. हे मला ह्यांच्या आईने शिकवलं. लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांत पाहुण्याला असं कोरडं वाटेला लावत नाहीत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ह्यांची बायपास झाली. कंपू भागातल्या दवाखान्यातून घरी आणलं त्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा एस्तेरबाई शिरसाट आमच्याकडे आल्या. नई सडकेच्या मागच्या गल्लीत एक लहानसं चर्च आहे, पिवळ्या दगडाचं. दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं तिथे जातात. एस्तेरबाई तिथल्या जुन्याजाणत्या, निवृत्त नर्स. चर्चला सव्वाशे वर्षं होणार होती. सकाळी उपकारस्तुतीची उपासना, दुपारी प्रीतिभोजन. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कढी आणि श्रीखंड.

“दोनशे चाळीस माणसं,” त्या म्हणाल्या. “आणि सात ताटं वेगळी. उत्तरेच्या खिडकीखाली एक बाक आहे, त्याच्यासमोर.”

“विशेष पाहुणे?”

“तिथे कोणी बसत नाही.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “चर्चच्या पाचव्या वर्षीचं जेवण होतं. शहरात प्लेग होता. पानं वाढून झाली आणि निरोप आला, की प्लेगच्या छावणीत माणसं मरताहेत आणि बघायला कोणी नाही. सात जण भरल्या पानावरून उठून गेले. चार पुरुष, तीन बायका. कडुलिंबाचा पाला जाळत घरोघर जात. शेवटपर्यंत आजाऱ्यांजवळ बसले. परत एकही आला नाही. तेव्हापासून त्यांची ताटं वाढतो.”

मला बरं वाटलं ऐकून. आपल्याकडे पितरांचं पान असतं, तसंच.

“फक्त एक,” एस्तेरबाई म्हणाल्या. “त्या ताटांशी बोलायचं नाही. आग्रह नाही, विचारणं नाही. ती माणसं निघालेली आहेत. त्यांना हाक मारायची नाही.”

“नाही मारणार,” मी म्हटलं.

रविवारी चर्च झेंडूने सजवलं होतं. उपासना लांबली. जुन्या लोकांनी एकेक उठून देवाचे उपकार सांगितले, कोणाचं पोर वाचलं, कोणाला नोकरी लागली. मी मागच्या दारातून ऐकत होते आणि माझे डोळे भरून आले. आमचे हेसुद्धा वाचले होते. मला उठून सांगता आलं असतं तर मीही सांगितलं असतं.

पंगत चांगली झाली. बाकासमोर सात ताटं मी स्वतः वाढली, तोंड घट्ट मिटून. तिथे किंचित धुराचा वास होता, ओला पाला जाळावा तसा. मला वाटलं मागच्या गल्लीत कोणी कचरा पेटवला असेल.

शेवटी दारात बडीशेप. दोनशे चाळीस माणसांना तेच वाक्य. “घरी या एकदा. आमचे हे आजारी असतात, बोलायला माणूस हवं त्यांना.” कोणी हो म्हणालं, कोणी हात जोडले. चर्च रिकामं झालं. तबकात थोडी बडीशेप उरली होती. मी वळले आणि बाकापर्यंत गेले, का गेले ते आजही सांगता येत नाही. पाय सवयीने गेले. हात पुढे झाला आणि तोंडातून तेच वाक्य बाहेर पडलं. घरी या एकदा. आमचे हे आजारी असतात.

मग माझं मलाच हसू आलं. रिकाम्या बाकाला आमंत्रण. आजूबाजूला कोणी नव्हतं, त्यामुळे मी ते विसरूनही गेले.

ताटं मोजली. दोनशे सत्तेचाळीस, बरोबर. पण त्यांत एकही भरलेलं नव्हतं. बाकासमोरची सात ताटं भरलेली परत येणार आणि ते अन्न आवारातल्या झाडाखाली पुरायचं, असं ठरलं होतं. ती सात ताटं पुसून खाल्ल्यासारखी स्वच्छ होती. प्रत्येकाच्या वरच्या काठाला तेवढं मीठ शिल्लक होतं.

“संभाजीराव, ही कोणी खाल्ली?” मी आमच्या आचाऱ्याला विचारलं. पंधरा वर्षं माझ्याकडे आहे, खोटं बोलत नाही.

“ताई, मैंने तो हात भी नहीं लगाया,” तो म्हणाला. “आपल्या माणसांनाही विचारलं. कोणी तिकडे गेलंच नाही.”

कोणीतरी खाल्लं असेल, मी मनात म्हटलं. भूक कोणालाही लागते.

दुसऱ्या दिवशी मी दाल बाजारात गेले होते. दुपारी परत आले तर हे उशीला टेकून बसलेले, चेहरा प्रसन्न.

“तुझ्या चर्चची माणसं येऊन गेली,” म्हणाले. “सात जण. फार चांगली माणसं आहेत, सुमन. फार बोलत नाहीत. बसून राहतात नुसती.”

मला आनंद झाला. बोलावलं आणि लोक आले, असं आजकाल कुठे होतं? चहा दिला का, विचारलं. म्हणाले, पाणीही घेतलं नाही. चादर मात्र त्यांनी बदलली होती. चारही कोपऱ्यांना अशी ताणून बसवलेली, की सुरकुती नाही. मला तशी जमत नाही. खोलीत धुराचा वास होता.

मंगळवारी ते पुन्हा आले, मी बाहेर असतानाच. बुधवारीही. ह्यांचं छातीत दुखायचं थांबलं होतं. रात्री झोप लागत होती. मला कोणाचे पाय धरू असं झालं. जिन्याखाली शालिनीताई राहतात, त्यांना मी म्हटलं, बघितलंत ना, किती करतात लोक.

“कोण लोक?” शालिनीताई म्हणाल्या. “जिन्यावर तर कोणीच नव्हतं चढलं. मी पूरी दोपहर दारातच वाती करत बसले होते.”

घरात येऊन एस्तेरबाईंना फोन लावला. आधी आभार मानले, तुमच्या मंडळींनी फार केलं म्हणून.

“आमच्याकडून कोणी आलं नाही, सुमनताई. चर्चचे पाळकसाहेब येणार आहेत, पण पुढच्या आठवड्यात.” मग हळूच, “तुम्ही बाकाशी काही बोललात?”

“बोलले,” मी म्हटलं.

“जेवायला बोलावलंत, की आजाऱ्याकडे?”

“घरी या म्हटलं. आमचे हे आजारी असतात म्हटलं.”

“ती वाईट माणसं नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नर्सचा झाला होता, घरच्यांशी बोलतात तसा. “पण आजाऱ्याला सोडून ती उठत नाहीत. छावणीतही उठली नाहीत. शेवटपर्यंत.”

गुरुवारी मी ह्यांना कंपूच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या केल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, हसून म्हणाल्या, “आंटी, रिपोर्ट तो एकदम बढ़िया है. आप बेकार टेन्शन ले रही हैं.” मी कागद दोनदा वाचला. येताना रिक्षात मी ह्यांचा हात धरून बसले होते, नव्या नवरीसारखी. ह्यांनी चेष्टाही केली त्यावरून.

शुक्रवारपासून मी घर सोडलं नाही. ऑर्डर संभाजीरावांवर टाकल्या. मी ह्यांच्या खोलीतच बसून राहायची. कोणी आलं नाही. शनिवारी सकाळी मी सहज विचारलं, “आता नाही ना येत कोणी?”

“आहेत की,” हे म्हणाले. “तू आत बसलेली असतेस म्हणून दारात उभे असतात. त्यांना बसा म्हण ना. पाय दुखत असतील.”

मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. पायपुसणं मात्र एका बाजूला सरकलेलं होतं.

मला भीती वाटली, आणि रागही आला. मी मोहित्यांची सून आहे, माझ्या दारातून पाहुणा उपाशी जात नाही, आणि माझं माणूस घेऊनही जात नाही. मी विचार केला, ही माणसं भरल्या पानावरून उठली होती. त्यांना नीट बसवून जेवू घालावं आणि निरोप द्यावा. बोलावलं मी, तर पाठवणीही मीच करायची.

रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत सात पाट मांडले. सात ताटं, मागे सु. मो. वरणभात, कढी, भाजी, पुरी, गोड शिरा. हे आतल्या खोलीत झोपले होते. मी मधल्या दारात उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, “बसा. पोटभर जेवा. आणि मग निघा. इथलं काम झालं.”

धुराचा वास दाटून आला.

गॅसवर कढी उतू जात होती. मी आत धावले. आच बंद केली, ओटा पुसला. दोन मिनिटं, फार तर तीन.

बाहेर आले. ताटं पुसून स्वच्छ होती. वरच्या काठाला मीठ.

मी मोजली. सवयीने मोजली.

आठ.

आठवं ताट जुनं, जाड कडांचं. लग्नात आहेरात आलेलं. मागे कोरलेलं, भालचंद्र. ते ताट स्वयंपाकघरातल्या फडताळात असतं. आणि स्वयंपाकघरात मी होते.

ताटाच्या उजव्या काठाला कढीपत्त्याची पाच पानं ओळीने लावलेली होती.

मी आत गेले. हे पाठीवर सरळ झोपले होते. केस ओले करून विंचरलेले. चादर चारही कोपऱ्यांना ताणलेली.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंचा तोच कागद कपाटात सापडला. रिपोर्ट बढ़िया. मी तो फाडला नाही.

वर्ष गेलं. धंदा चालू आहे, घरी बसून करणार काय? मला काही झालेलं नाही. बीपी नाही, शुगर नाही. फक्त संध्याकाळी ताट वाढताना दोन काढते आणि एक परत ठेवते. बोलायला कोणी नाही. शालिनीताई म्हणतात, सुमनताई, तुम्ही गप्प झालात.

या नोव्हेंबरात एस्तेरबाईंचा फोन आला. एकशे सव्विसावं वर्ष, दोनशे दहा माणसं.

“आणि बाकासमोर किती ताटं?” मी विचारलं.

“ते तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या.

मी ह्यांचं ताट पिशवीत वेगळं घेऊन गेले. बाकासमोर सात वाढली आणि शेवटी आठवं. ह्यांना दवाखान्यातून आणल्यापासून शेवटपर्यंत मी अळणी जेवण घातलं होतं. या वेळी मीठ वाढलं. कढी वाढली. अहो, आता खा हवं तसं, एवढंच म्हणायचं होतं मला. ओठ दाताखाली धरून मी तिथून निघाले. पंगतीत कोणालाही आग्रह केला नाही. लोकांना वाटलं मला बरं नाही.

सगळे गेल्यावर मी तबक घेऊन बाकाशी आले. आठही ताटं स्वच्छ होती. आठव्याच्या काठाला पानांची ओळ होती, सरळ, एकही पान वाकडं नाही.

मागे एस्तेरबाई उभ्या होत्या. “सुमनताई,” त्या म्हणाल्या. “नको.”

गेल्या वर्षी मी चुकून बोलले होते. या वेळी चुकून बोलले नाही.

“घरी या,” मी म्हटलं. “मी एकटीच असते.”

दोनशे अठरा ताटं मोजून टेम्पोत चढवली. घरी पोचले तेव्हा ऊन होतं अजून. शालिनीताई दारात वाती करत होत्या, म्हणाल्या, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. मी कुलूप काढून आत गेले. माझ्या पलंगावरची चादर, सकाळी घाईत चुरगळलेली ठेवून गेले होते ती, चारही कोपऱ्यांना ताणून बसवलेली होती.