अप्पांच्या चौकशा

शिवांजलीची नवी कोरी छत्री एक परका तरुण उलटी धरून उभा होता. दांडा वर, कापड खाली, आणि त्या खोलगट कापडात कपिलधारच्या धबधब्याची एक बारीक धार पडत होती. शेजारी तिची धाकटी बहीण स्वप्नाली, फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजवून, मोठमोठ्याने आकडे म्हणत होती.

"ही छत्री..." शिवांजली म्हणाली.

"तुमची हाय का?" तो मान वळवून म्हणाला. "मंग जरा थांबा. भरत आलीया."

"छत्री काय भरायची वस्तू हाय?"

"तुमच्या बहिणीनं इचारलं, मिनिटाला पाणी किती पडतं. मला ठाऊक न्हवतं. बादली कुठं घावली न्हाई."

"मंग ठाऊक न्हाई म्हणून सांगायचं की."

"सांगितलं. त्यानं तिचं भागंना."

खरं तर शिवांजलीने रागावायला हवं होतं. छत्री परळीच्या बाजारातून हौसेने घेतलेली होती. पण दांडा त्याच्या हातात कलायला लागला आणि तिने नकळत छत्रीची दुसरी कड धरली. तुषार तिच्या कपाळावर, त्याच्या पापण्यांवर बसत होते, त्याच्या कपाळावरची विभूती हळूहळू पुसट होत चालली होती... आणि स्वप्नालीचे आकडे कधी संपले ते दोघांनाही कळलं नाही. छत्री केव्हाच भरून वाहत होती.

"दादा, झालं की," स्वप्नाली कंटाळून म्हणाली.

त्याचं नाव योगीराज. आईला सोबत घेऊन तो धारूरहून आला होता. शाळेत न घालता मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांचा दोन दिवसांचा मेळावा होता. भक्तनिवासाच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या, पोरं हवी तिथे लोळत होती, आणि आईबाप मात्र शाळेतल्यासारखे ताठ बसले होते.

शिवांजलीचं घर सिरसाळ्याचं. वडील विश्वेश्वरअप्पा धान्याचे व्यापारी, आई शिवम्मा. स्वप्नालीचं रोज सकाळी शाळेच्या नावाने पोट दुखायला लागलं, तेव्हा पदवी घेऊन घरी बसलेल्या शिवांजलीनेच तिला दुकानात नेऊन शिकवायला सुरुवात केली. तराजूवर वजनं, पोत्यांवर अक्षरं. पोट दुखायचं थांबलं. पोरगी दिसेल ते वाचू लागली. नातेवाईक मात्र म्हणत, अप्पा, लेकराचं वाटोळं करताय. म्हणूनच अप्पा स्वतः बघायला आले होते.

आणि दुसरंही एक कारण होतं. येत्या रविवारी लातूरचं स्थळ शिवांजलीला बघायला येणार होतं. जमलं तर ती जाणार, आणि मग स्वप्नालीला शिकवणार कोण? तिला वसतिगृहाच्या शाळेत घालायचं, असं अप्पांनी जेवताना सांगून टाकलं होतं. ते ऐकून स्वप्नालीने ताटातली भाकरी तशीच ठेवली. शिवांजलीला लातूर नको होतं, पण पाहिलेलंही नसलेल्या मुलाला काय म्हणून नाकारायचं, हे तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं दरीतून वर आलं होतं. पोरांना घेऊन योगीराज पानं गोळा करायला निघाला, आणि शिवांजलीही निघाली. बहिणीवर लक्ष ठेवायला म्हणून हो... लक्ष मात्र भलतीकडेच होतं.

"तुमी कोणत्या शाळंत होतात?" तिने विचारलं.

"कोणत्याच न्हाई. आईनं घरीच शिकवलं."

"मंग शाळंत काय असतंय, ते ठाऊकच न्हाई तुमाला."

"न्हाई." तो थांबला. "काय असतंय?"

"मागच्या बाकावरनं कुणीतरी बघत असतंय."

"आन् मंग?"

"मंग काय... पुढचीनं कळलंच न्हाई असं दाखवायचं."

योगीराज मुकाट्याने चार पावलं मागे राहिला आणि तिच्या मागून चालू लागला. शिवांजलीने वळून पाहिलं नाही. गालातल्या गालात हसत ती चालत राहिली, आणि ती वाट कधीच संपू नये असं तिला वाटलं.

दुपारी जेवणं उरकत आली होती. शिवांजली ताक वाढत होती. अप्पांनी योगीराजला शेजारी बसवून घेतलं.

"शरणार्थी," योगीराजने लिंगायत रीतीने हात जोडून नमस्कार केला.

"शरणार्थी. शिक्षण किती म्हणायचं?"

"सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पुढं शेतीची पदवी."

"आन् करता काय?"

"सीताफळाची बाग हाय. गर काढून पुण्याला धाडतो."

"घरी कोण कोण?"

"आई, वडील, थोरला भाऊ, वयनी."

"तंबाखू, गुटखा?"

"न्हाई."

"चारचौघांत मिसळता का? सोभाव कसा काय?"

योगीराजने शर्टाच्या बाह्या सरळ केल्या. "मिसळतो की. राग येतो, पण टिकत न्हाई. भाकरी करता येती. बायकोनं शिकवायचं म्हणलं तर शिकवावं, आमची आडकाठी न्हाई. लगीन साधंच करू. तारीख तुमी म्हणाल ती."

अप्पांचा बडीशेपेचा हात तोंडाशीच थांबला.

"लगीन? कुणाचं?"

पंगतीतल्या माना एकदम वळल्या.

"मी आपलं इचारत होतो," अप्पा गोंधळून म्हणाले, "घरी शिकलेलं लेकरू पुढं कसं निघतंय. आमच्या स्वप्नालीसाठी."

आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? आपल्याकडे उपवर मुलीचा बाप तंबाखू खाता का म्हणून विचारू लागला, की पोराने दुसरं समजायचं तरी काय? पण योगीराजचे कान लाल झाले. "चुकलं माझं," एवढंच बोलून तो उठला आणि धबधब्याकडे चालता झाला. शिवांजलीने ताकाचं भांडं आईच्या हातात दिलं. शिवम्माने तिच्याकडे पाहिलं आणि ते घेतलं.

तो पायऱ्यांवर बसला होता.

"हसा," तो म्हणाला. "हसायलाच आलात न्हवं?"

"न्हाई. इचारायला आले. एवढी धडाधडा उत्तरं कावून दिली?"

"घाई झालती."

"कशाची?"

"रविवारी लातूरचे येणार हायत म्हणं. स्वप्नाली बोलली." तो पाण्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, अप्पा त्यांच्या आधी मला बघायलेत. लई बरं वाटलं. आता तेच आठवून लाज वाटायली."

शिवांजली त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली... अगदी जवळ नाही, पण फार लांबही नाही.

"ते बरं वाटलेलं... माघारी घेताय का?"

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "तुमी मला आवडलात. चूक झाली ती फकस्त अप्पांचं ऐकण्यात."

"मंग उठा," ती म्हणाली.

अप्पा जीपमध्ये पिशव्या ठेवत होते. शिवांजली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. योगीराज मागे, चपला हातात घेऊन.

"अप्पा, लातूरच्यांना येऊ नका म्हणून कळवा."

"कावून गं?"

तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "ह्यांची उत्तरं मला पसंत हायत."

अप्पांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. शिवम्मा पुढे झाली आणि तिने जीपमधली सतरंजी काढून झाडाखाली अंथरली.

"बसा," अप्पा म्हणाले. "मगाशी मी आपलं वरवर इचारलं. तुमच्या मातोश्रींनाबी बोलवा. पण आधी एक सांगा. ही धारूरला आली, तर हिची बहीण शिकायला मागोमाग येईल. चालंल?"

स्वप्नाली ताईला बिलगली. या वेळी योगीराजने घाई केली नाही. त्याने आधी शिवांजलीकडे पाहिलं, तिने मान हलवेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "चालंल."