पाणथळीचा उंबरा

गुडघाभर

"आदिनाथ, काठी टाक! पाणकोंबडी काय वाघ हाय?" साक्षीनं चिडवलं.

हुस्ना, साक्षी आणि आदिनाथ खिदळत पाण्यात उतरले. दिवाळीची सुट्टी! अर्धापूरजवळच्या त्यांच्या गावात शाळेच्या मुलांनी पावसाळ्यात नाल्याकाठी ही पाणथळ तयार केली होती. पाणकणसाची रोपं हुस्नानं लावलेली. त्यांतच आता पाणकोंबडीचं घरटं होतं. भोवती पाणी, म्हणून अंडी सुखरूप.

घोटाभर

दुसऱ्या दिवशी पाणी घोट्यावर!

"उन्हानं आटलं असंल," आदिनाथ म्हणाला.

"रातीतून? डोकं आटलं तुझं!" साक्षीनं टपली मारली.

चिखलात कुत्र्याचे ठसे होते. थेट घरट्याच्या दिशेनं. हुस्नाचे डोळे भरून आले.

साक्षी धावत गोठ्यातून ओंजळभर भुसा घेऊन आली आणि तिनं तो पाण्यावर टाकला. भुसा तरंगत निघाला... केळीच्या बागेकडे!

"पळा!"

वाळकी पानं बाजूला केली, तर खाली ताजा चर!

बोटभर

"काय करून राहिले रे माझ्या बागेत?" साक्षीचे भागवतकाका!

"काका, चर तुम्ही काढला?" साक्षीनं विचारलं.

"हाव! तुमच्या पाणथळीचं पाणी बुडाशी साचलं की केळीच्या मुळ्या सडतात. म्हणून चरानं ते खाली नाल्यात सोडलं. कडेची ओळ पिवळी पडली, बघ!"

खरंच पडली होती.

हुस्नानं नुसतं बोट दाखवलं. उघड्या पडलेल्या चिखलात पाणकोंबडी अंड्यांवर तशीच बसून होती.

काका चराच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"उंबरा!" साक्षी ओरडली. "चराच्या तोंडाशी दगडाचा उंबरा बसवू! वरचं पाणी चरात जाईल, खालचं पाणथळीत राहील."

"अन् केवढा उंच?"

"तुमची केळी सडणार न्हाई एवढा! तुम्हीच ठरवा, काका."

"मलाच कामाला लावलं की गं!" काका हसले, अन् स्वतःच दगड उचलायला वाकले.

गुडघ्याच्या जरा खाली

नाल्यानं पाणथळ पुन्हा भरली. कडेच्या केळींना नवी हिरवी पानं आली. एका सकाळी पाणकणसातून काळी, लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं बाहेर आली!

"लई गुणाची पोरं हो तुम्ही!" काका म्हणाले.

आदिनाथ नीट दिसावं म्हणून उंबऱ्याच्या दगडावर चढला, तसे काका ओरडले,

"उतर खाली! उंबऱ्यावर उभं राहतात व्हय? घरात लेकरं हायत!"