ओला गोंद

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे घडलंय, आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो आमच्या नात्यातला दातांचा डॉक्टर आजही रोज दवाखान्यात बसतो.

मंगळवार होता. भर दुपार. दवाखाना एक ते चार बंद.

खाली दवाखाना, वर थोरल्या भावाचं बिऱ्हाड. भाऊ जाऊन तीन महिने झाले होते. वर आता वहिनी एकट्याच.

भावाला आयुष्यभर एकच नाद. जुनी अमेरिकन पोस्टाची तिकिटं.

डॉक्टरला त्या नादाचा मनस्वी तिटकारा. ज्या देशात कधी पाऊल टाकलं नाही, तिथली वापरलेली तिकिटं हा माणूस भिंगाखाली धरून बसायचा. कडेचे दाते मोजायचा. "मी माणसांचे दात बघतो, आमचे दादा कागदाचे," असं डॉक्टर चारचौघांत सांगायचा. दादांच्या देखत. लोक हसायचे. दादा मान खाली घालायचे.

आता त्याला दादांची तिकिटांची खोली दवाखान्याच्या सामानासाठी हवी होती. वहिनींना त्याने विचारलं नाही, सांगितलं. त्या बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

आत टेबल, खुर्ची, चिमटा, पाच जाडजूड अल्बम.

त्याने पहिला उघडला. मिशाळ पुढारी, आगगाड्या, जहाजं. लाल, निळी, तपकिरी. एकेक तिकीट गोंदाच्या इवल्याशा पट्टीने चिकटवलेलं. ती पट्टी दादा जिभेने ओली करायचे. डॉक्टरला त्याचीच किळस यायची.

"जन्मभर चाटत बसला," तो पुटपुटला.

आणि एक लाल तिकीट नखाने ओरबाडून काढलं. कोपरा फाटला. त्याने ते कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

चट्...

अगदी हलका आवाज. पाल असेल.

त्याने दुसरं काढलं. तिसरं. अख्खं पान उघडं केलं.

चट्... चट्...

पाल नव्हती. तोंडातले आवाज त्याला पाठ होते. टाळूवरून ओली जीभ सुटते, तसा आवाज.

डॉक्टर स्वतःवरच चिडला. पिशवीला गाठ मारून तो खाली गेला, रस्त्यावरच्या कचराकुंडीत ती फेकली, तिथेच उभा राहून एक फोन केला. पंधरा मिनिटं गेली असतील.

वर आला, तर आत खुर्ची मागे सरकवलेली.

अल्बम उघडा. तेच पान.

भरलेलं.

आगगाडी जागेवर. जहाज जागेवर. लाल तिकीटही... कोपरा फाटलेलं.

त्याने बोट लावलं. तिकीट सरकलं.

गोंद ओला होता.

तो बाहेर आला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "वहिनी, मी खाली असताना आत कोण आलं होतं?"

त्यांनी घडी अर्धवट ठेवली. "तुम्ही खाली कधी गेलात, भावोजी? आत बसलाच होता की. पाठ दिसत होती. मी दोनदा हाक मारली."

"मग?"

"वळून बघितलं नाही." त्यांनी घडी पुन्हा हातात घेतली. "हे पण कधी बघायचे नाहीत."

खोली रिकामी झाली नाही. आमच्यात मात्र डॉक्टर सांगत सुटला की वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांनीच पिशवी उपसून आणली असणार. गुडघेदुखीने वहिनी दोन पायऱ्या उतरताना चारदा थांबतात, हे आम्हाला माहीत होतं.

गेल्या महिन्यात वहिनी बहिणीकडे राहायला गेल्या. वरच्या दाराला कुलूप. किल्ली डॉक्टरच्या खिशात.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात एक बाई दाढ दाखवायला आल्या होत्या. पुढचं सगळं त्यांनीच मागाहून सांगितलं.

डॉक्टर त्यांच्या तोंडात आरसा धरून वाकला होता. तेवढ्यात छतावर खुर्ची सरकली.

मग शांतता.

मग... चट्.

डॉक्टरचा हात तिथेच थांबला. बाईंनी तोंड मिटलं आणि सहज विचारलं, "वर कोण राहतं?"

त्याने छताकडे बघितलं. मग अगदी हळू, वर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"दादा असतात. कामात आहेत."